रीमाताईंचं काम

१९९९ च्या ऑक्टोबरात ‘वास्तव’ आला आणि महिनाभरात, नोव्हेंबरात, ‘हम साथ साथ हैं’. पहिल्या चित्रपटात मुंबईतल्या एका साध्या कुटुंबातली शांता आपल्या मुलाला गुन्हेगारीत बुडताना बघते आणि शेवटी, त्याच्याच विनवणीवरून, त्याच्यावर गोळी झाडते. दुसऱ्यात एका श्रीमंत, सुसंस्कृत घरातली ममता मैत्रिणींच्या नादी लागून घराच्या वाटणीचा हट्ट धरते आणि सावत्र मुलाला घराबाहेर काढते. एकीचं प्रेम मुलाला मारण्यापर्यंत जातं, दुसरीच्या प्रेमात कैकेयी शिरते. दोन्ही बायका रीमा लागूंनी उभ्या केल्या होत्या. बोलण्याची चाल वेगळी, बसण्याची रीत वेगळी, रागाची जात वेगळी. चित्रपटगृहातून बाहेर पडताना मात्र आपण दोन्ही वेळा एकच बोललो: आई करावी तर रीमानेच.

हे पुस्तक त्या वाक्याबद्दलच्या अस्वस्थतेतून लिहिलं आहे. ते वाक्य प्रेमाने उच्चारलेलं असतं, म्हणून त्याला हरकत घेणं जड जातं. पण त्या प्रेमाने रीमाताईंवर एक अन्याय केला. त्यांचं आईपण जणू स्वभावातून आपोआप झिरपत होतं, त्यासाठी त्यांना काही करावंच लागत नव्हतं, असं आपण धरून चाललो. नटाने खुनी रंगवला तर आपण म्हणतो, काय अभिनय केला! नटीने आई रंगवली तर म्हणतो, किती प्रेमळ बाई! पहिल्या वाक्यात कामाला दाद आहे, दुसऱ्यात माणसाला. रीमाताईंच्या वाट्याला आयुष्यभर दुसऱ्या प्रकारचं कौतुक जास्त आलं. ‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’ आणि ‘वास्तव’ या चार चित्रपटांसाठी साहाय्यक अभिनेत्री म्हणून फिल्मफेअरचं नामांकन मिळालं, पुरस्कार एकदाही नाही. पुरस्काराने कलावंत मोठा होत नाही हे मान्य. तरीही चार वेळा दारापर्यंत नेऊन परत पाठवण्यात त्या काळच्या हिंदी चित्रपटसृष्टीची नजर दिसते. नायकाच्या आईला फ्रेममध्ये जागा होती, तिच्या कलेकडे बघायला सवड नव्हती.

रीमा हे नाव नंतरचं. जन्म १९५८ चा, मूळ नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे मराठी रंगभूमीवरच्या अभिनेत्री. वसंत कानेटकरांच्या ‘लेकुरे उदंड जाली’मधून त्या रसिकांना ठाऊक होत्या. म्हणजे रंगपट, तिसरी घंटा, तालमीला उशीर झाला म्हणून बसणारी बोलणी हे सगळं या मुलीला परकं नव्हतं. बेबी नयन या नावाने तिने लहानपणी कॅमेऱ्यासमोर कामही केलं. शाळा पुण्याची, हुजूरपागा. शाळा संपल्यावर ती पूर्णपणे अभिनयाकडे वळली असं मात्र झालं नाही. मुंबईत युनियन बँकेत नोकरी धरली आणि ती सुमारे दहा वर्षं केली. नट विवेक लागू यांच्याशी लग्न झाल्यावर नयन भडभडेची रीमा लागू झाली. पुढे ते दोघे वेगळे झाले, मुलगी मृण्मयी आईजवळ वाढली. त्या संसाराबद्दल यापेक्षा अधिक या पुस्तकात सापडणार नाही. ज्यांनी तो भोगला त्यांनी त्याबद्दल चार लोकांत बोलायचं फारसं टाळलं, आणि मला त्या मर्यादेचा आदर वाटतो.

बँकेतल्या त्या वर्षांवर मात्र मी रेंगाळणार आहे, कारण रीमाताईंच्या अभिनयाचं मूळ मला तिथे आणि त्या काळच्या मराठी रंगभूमीच्या रोजच्या राबण्यात दिसतं. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत मुंबईचं मराठी नाटक बऱ्याच अंशी नोकरदारांनी जगवलं. दिवसभर खातेवह्या आणि आकडे, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवारी प्रयोग, दौरा असेल तर रात्रभर बसमध्ये. बँकाबँकांमधल्या एकांकिका स्पर्धा चुरशीच्या व्हायच्या, राज्य नाट्यस्पर्धेसाठी लोक रजा साठवून ठेवायचे. मस्टरवर सही केल्यावर तुम्ही नट नसता, कारकून असता. काउंटरपलीकडे पेन्शन घ्यायला आलेल्या बाई असतात, सहीचा नमुना जुळत नाही म्हणून चिडलेले गृहस्थ असतात, मुलीच्या लग्नासाठी मुदत ठेव मोडणारी आई असते. नटाला यापेक्षा चांगली शाळा कुठे मिळणार? पुढे रीमाताईंनी पडद्यावर ज्या मध्यमवर्गीय बायका केल्या त्या पुस्तकातून आलेल्या वाटत नाहीत. त्यांच्या पर्समध्ये काय असेल, हे आपण सांगू शकतो.

‘पुरुष’ हे नाटक या पुस्तकाच्या पहिल्या भागाचा कणा आहे. जयवंत दळवींनी लिहिलेलं, विजया मेहतांनी दिग्दर्शित केलेलं. नाना पाटेकरांनी केलेला गुलाबराव जाधव अजून लोकांच्या बोलण्यात असतो आणि ते रास्तच आहे. सत्तेच्या माजाची तशी मूर्ती मराठी रंगमंचावर क्वचित उभी राहिली. पण नाटक ज्या खांद्यांवर पेललं होतं ते खांदे अंबिकेचे. आदर्शवादी शिक्षकाची मुलगी, स्वतः शिकवणारी, हट्टी, तडफदार. गुलाबराव तिच्यावर बलात्कार करतो. त्यानंतर घर ढासळतं, कायदा तिच्या हाती काही देत नाही, आणि शेवटी ती स्वतःचा न्याय स्वतः करते. तो न्याय इतका भयंकर आहे की लेखणी जरा सैल पडली असती तर नाटकाची सनसनाटी बातमी झाली असती. अंबिकेची भूमिका अवघड का, हे समजून घ्यायला हवं. गुलाबरावाला टाळ्यांची वाक्यं आहेत, आवाज आहे, दरारा आहे. अंबिकेला पहिल्या अंकातला मोकळेपणा, मग मोडून पडणं आणि मग थंड निश्चय, असा प्रवास दोन-तीन तासांत करायचा आहे, आणि प्रेक्षकाला तिची कीव वाटू द्यायची नाही. कीव वाटली की शेवट खोटा पडतो. ऐन पंचविशीच्या आसपास रीमाताईंनी हे पेललं, प्रयोगामागून प्रयोग. आणि रंगमंचावरच्या या बाईला पुढे आपण केवळ ‘सोशिक आई’ म्हणून ओळखावं, यासारखी विसंगती दुसरी नाही.

शेखर ताम्हाणे यांचं ‘सविता दामोदर परांजपे’ हे त्याहून वेगळ्या जातीचं आव्हान. एका संसारी बाईच्या देहात दुसरीच कुणी वावरते आहे, असा विषय. चित्रपटात अशा वेळी दिवे फडफडतात, संगीत कानठळ्या बसवतं, कॅमेरा तिरका होतो. रंगमंचावर नटीकडे आवाज आणि शरीर यांखेरीज काही नसतं. त्याच साडीत, त्याच सोफ्याशेजारी उभं राहून एका वाक्यात कुसुम आणि पुढच्या वाक्यात सविता व्हायचं. रीमाताईंचा आवाज मुळात खालच्या पट्टीतला, किंचित खर असलेला, आणि त्या आवाजाच्या त्या मालकीण होत्या. तो कुठे रुंद करायचा, कुठे त्यातली ऊब काढून घ्यायची, हे त्यांना नेमकं कळत होतं. हिंदी चित्रपटांनी पुढे या आवाजातली फक्त ऊब वापरली. गार पडलेला तो आवाज ऐकायला ‘नामकरण’ या मालिकेपर्यंत थांबावं लागलं. रत्नाकर मतकरींचं ‘घर तिघांचं हवं’, तसंच ‘झाले मोकळे आकाश’, ‘बुलंदी’ आणि ‘विठो रखुमाई’ ही नाटकंही त्यांच्या या वाटचालीतली.

चित्रपटातली सुरुवात तशी बऱ्या हातांत झाली. जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’मध्ये त्या दिसतात, गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’मध्ये एका गाण्यापुरत्या नाचणारीच्या वेशात, श्याम बेनेगलांच्या ‘कलयुग’मध्ये त्या औद्योगिक महाभारतातल्या एका घराची सून म्हणून. पुढे अरुणा राजेंचा ‘रिहाई’. ज्या गावातले पुरुष शहरात कमवायला गेले आहेत त्या गावातल्या बायकांच्या इच्छांबद्दल इतक्या थेटपणे बोलणारा चित्रपट हिंदीत तेव्हा दुर्मीळ होता, आणि त्या बायकांमधली एक रीमाताईंनी केली. हे चारही चित्रपट सलग पाहिले तर एक शक्यता डोळ्यांसमोर उभी राहते. हीच वाट पुढे चालू राहिली असती तर स्मिता पाटील, शबाना आझमी, रोहिणी हट्टंगडी यांच्या ओळीत त्यांचं नाव सहज घेतलं गेलं असतं. पण समांतर चित्रपटाचा ओघ ऐंशीच्या दशकाअखेर आटत चालला होता, आणि १९८८ मध्ये ‘कयामत से कयामत तक’ आला.

त्या चित्रपटात त्या जुही चावलाच्या आई झाल्या. जुही त्यांच्याहून सुमारे नऊ वर्षांनी लहान. पुढच्या वर्षी ‘मैंने प्यार किया’त सलमान खानची आई, सलमान सात वर्षांनी लहान. ‘गुमराह’मध्ये श्रीदेवी, पाच वर्षांनी लहान. आणि ‘वास्तव’मधला संजय दत्त त्यांच्याहून जेमतेम एका वर्षाने धाकटा. हे आकडे मी एकापाठोपाठ मुद्दाम मांडले आहेत. गंमत म्हणून हे पुष्कळदा सांगितलं जातं, मला त्यात गंमत दिसत नाही. ज्या उद्योगात पन्नाशीचा नट महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचं काम करू शकत होता, त्याच उद्योगाने एका तिशीच्या नटीला सांगितलं की तुझं तारुण्य इथे संपलं. आणि तिने ते इतकं चोख केलं की कुणाला त्यात काही वावगं वाटलंच नाही. तिच्या कसबाने त्या अन्यायावर पांघरूण घातलं.

ते कसब कशात होतं? केसांना पांढरा रंग लावल्याने कुणी आई होत नाही. रीमाताई वय दाखवायच्या ते वेगात. त्यांच्या आया घाईने वळत नाहीत. कुणी हाक मारली की आधी हातातलं काम थांबतं, मग मान वळते. खुर्चीवरून उठताना एक क्षण जातो, तो दुखण्याचा नसतो, दिवसभराच्या कामाचा असतो. मुलाच्या चेहऱ्याकडे त्या आधी बघतात आणि त्याचं बोलणं नंतर ऐकतात. हिंदी चित्रपटात आईच्या वाट्याला संवाद किती? पानभर, दोन पानं. कॅमेरा नायकावर, प्रकाश नायिकेवर. फ्रेमच्या कडेला उभं राहून ऐकायचं, हेच तिचं मुख्य काम. ऐकणं ही अभिनयातली सगळ्यात कठीण आणि सगळ्यात कमी वाखाणलेली गोष्ट आहे. रीमाताई ऐकत असताना त्यांच्या चेहऱ्यावर समोरच्याचं वाक्य पोहोचताना दिसतं. नाटकातल्या नटाला हे शिकावंच लागतं, कारण रंगमंचावर न बोलणाऱ्या माणसालाही हजार लोक बघत असतात.

‘आशिकी’ पुन्हा पाहावा तो यासाठी. नव्वदीत तो गाण्यांसाठी पाहिला गेला. गाणी बाजूला ठेवली तर त्यात एक टाकलेली बायको आहे, जिचा नवरा दुसरं लग्न करतो आहे आणि तरणाताठा मुलगा त्या रागाने पेटला आहे. तिने काय करायचं? मुलाला आवरायचं, स्वतःला आवरायचं आणि ज्याने टाकलं त्याच्याबद्दल मनात उरलेलं काहीतरी लपवायचं. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी दिसायला हव्यात आणि त्यांतली एकही बोलून दाखवायची नाही. ‘मैंने प्यार किया’ची कौशल्या त्यापेक्षा सोपी वाटते, पण तिचंही नीट पाहा. घरात आलेल्या सुमनच्या बाजूने ती नवऱ्यासमोर उभी राहते. भांडत नाही, रडत नाही, नवऱ्याच्या श्रीमंतीच्या तोऱ्याला बळी पडत नाही. मुलाशी तिचं नातं मैत्रीचं आहे, आणि ही मैत्री त्या वेळच्या हिंदी पडद्याला नवी होती.

ही नवलाई नीट कळायला जरा मागे जावं लागतं. हिंदी चित्रपटातल्या आईचा इतिहास पाहिला तर त्यात मराठी नावांची एक ओळच दिसते. ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई झालेल्या दुर्गा खोटे. ‘आवारा’तल्या लीला चिटणीस. प्रेमळ आणि खाष्ट अशा दोन्ही टोकांच्या बायका तितक्याच ताकदीने करणाऱ्या ललिता पवार. आणि सुलोचनादीदी, ज्यांचं नाव घेतलं की पांढरी साडी आणि ओले डोळे आठवतात. यांच्यापैकी बहुतेकजणी आधी नायिका होत्या, मग वयाने किंवा परिस्थितीने आई झाल्या. त्यांच्या आया मुख्यतः सोसणाऱ्या. गरिबी, वैधव्य, मुलांची ताटातूट हे त्यांचं भांडवल. रीमाताई या ओळीतल्या शेवटच्या मोठ्या नटी, पण त्यांनी ती ओळ वळवली. त्यांच्या आईच्या अंगावर रंगीत साडी होती, कपाळाला कुंकू होतं, घरात टेलिफोन होता. तिला हसता येत होतं. ‘हम आपके हैं कौन’मधली मधुकला विहीण म्हणून थट्टामस्करी करते, गाण्यात रमते, आणि थोरली मुलगी गेल्यावर त्याच चेहऱ्यावरचं हसू कसं विझतं, ते आपल्याला आधीच्या हसण्यामुळेच सोसत नाही. दुःखाची आधीपासून तयारी न करणारी आई, ही रीमाताईंची हिंदी पडद्याला देणगी.

यात एक उणीवही होती आणि ती लिहिली नाही तर हे पुस्तक नुसतं गौरवपर होईल. या चित्रपटांतल्या घरांना परसदार नव्हतं. तिथली आई कधी नोकरीला जात नाही, तिला पगार नाही, मैत्रिणी असल्याच तर घर फोडायला येणाऱ्या. ज्या नटीने दहा वर्षं बँकेत नोकरी केली, एकटीने मुलगी वाढवली, तिला पडद्यावर स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यातच फिरावं लागलं. ‘कुछ कुछ होता है’, ‘कल हो ना हो’ इथपर्यंत पोहोचताना भूमिका आक्रसत गेल्या. काही ठिकाणी त्यांचं असणं एवढंच लेखकाला हवं होतं, करण्यासारखं काही लिहिलेलंच नव्हतं. अशा चित्रपटांवर मी या पुस्तकात पानं खर्च केलेली नाहीत.

‘वास्तव’ या सगळ्याला छेद देतो. महेश मांजरेकरांनी शांता लिहिली-घडवली ती त्यांना ठाऊक असलेल्या मुंबईतून. नवरा शिवाजी साटम, दोन मुलगे, अपुरी जागा, बेताची मिळकत. अंगावर पन्नास तोळ्यांची साखळी घालून मुलगा आईसमोर येतो, तो प्रसंग आज विनोदी नकलांमध्ये उरला आहे. मूळ प्रसंगात विनोद नाही. ते सोनं कुठून आलं हे त्या घराला कळतं आहे आणि तरी तो मुलगा आहे. शांताच्या चेहऱ्यावर ही दोन्ही ज्ञानं एकमेकांना ढकलत राहतात. आणि तो शेवट. भ्रमिष्ट झालेला मुलगा सुटकेची भीक मागतो आणि आई पिस्तूल उचलते. ‘मदर इंडिया’शी तुलना नेहमी होते, पण राधा गोळी झाडते ती गावाच्या अब्रूसाठी, तत्त्वासाठी. शांतापाशी तत्त्व नाही. तिच्यापाशी फक्त एक तडफडणारा जीव आहे, जो तिनेच जन्माला घातला. रीमाताईंनी तो क्षण उंच केला नाही, त्याला तेज दिलं नाही. एका थकलेल्या बाईने करायचं शेवटचं काम म्हणून केला. माझ्या मते हिंदी चित्रपटातल्या आईच्या अभिनयात याहून वरचं फारसं काही नाही.

आता दूरदर्शनकडे. हा या पुस्तकाचा दुसरा मोठा भाग, आणि मला सगळ्यात आवडता. श्रीधर क्षीरसागरांच्या ‘खानदान’पासून त्या छोट्या पडद्यावर होत्या, पण खरा बहर १९९४ चा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ‘हम आपके हैं कौन’ने चित्रपटगृहं भरली आणि त्याच सुमारास ‘श्रीमान श्रीमती’ व ‘तू तू मैं मैं’ या दोन मालिकांनी घराघरांतले टीव्ही व्यापले. ‘श्रीमान श्रीमती’ अधिकारी बंधूंची, दिग्दर्शन राजन वाघधरे यांचं, लेखन आपल्या अशोक पाटोळे यांचं. दोन शेजारी, प्रत्येकाचा जीव दुसऱ्याच्या बायकोवर, एवढंसं सूत्र. जतीन कनकियांचा केशव कुलकर्णी धडपडतो, राकेश बेदींचा दिलरुबा लाडीगोडी लावतो, अर्चना पूरणसिंहची नटी प्रेमा शालिनी ऐट मिरवते. या तिघांच्या गदारोळात कोकी म्हणजे कोकिला कुलकर्णी घर चालवते. विनोदात सगळ्यांनीच उड्या मारल्या तर तो कोसळतो. एक माणूस जमिनीवर ठाम उभा असावा लागतो. कोकी ती जमीन होती. तिच्या निर्मळपणामुळे केशवचं खोटेपण उघडं पडायचं आणि हशा यायचा. चुरचुरीत वाक्य दुसऱ्याला मिळत असताना त्याची फेक नीट पडावी म्हणून स्वतः नेमक्या क्षणी थांबणं, यात रंगभूमीवरची सारी वर्षं कामाला आली होती.

‘तू तू मैं मैं’त त्या उलट बाजूला गेल्या. सचिन पिळगांवकरांचं दिग्दर्शन, सुप्रिया पिळगांवकर सून राधा आणि रीमाताई सासू देवकी. सासरे कुलदीप पवार. सासू-सुनेचं भांडण हा आपल्याकडचा ओव्यांपासून चालत आलेला विषय, पण या मालिकेत दोघी बरोबरीच्या होत्या. आज एकीचा डाव, उद्या दुसरीचा. बिचारी कुणीच नाही आणि डाकीण कुणीच नाही. २००० नंतर हिंदी मालिकांमध्ये सासू-सुनेच्या नात्यात जे विष कालवलं गेलं, भरजरी साड्यांत आणि ढोलांच्या दणदणाटात जी कटकारस्थानं शिजली, ती बघून ‘तू तू मैं मैं’ची किंमत अधिक कळते. देवकी कुरकुरते, टोमणे मारते, रुसते, पण त्या घरात संध्याकाळी सगळे एकत्र जेवतात याची खात्री असते. शब्द ओठांतून सुटण्याआधीच रीमाताईंच्या भुवया अर्धं वाक्य बोलून गेलेल्या असायच्या आणि सुप्रियाताई ते वाक्य हवेतच झेलायच्या. मराठी रंगभूमीची तालीम असलेली ही माणसं हिंदी दूरचित्रवाणीचा विनोद उभा करत होती. त्याआधी दुर्गा खोटे यांच्या निर्मितिसंस्थेने आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून ‘वागले की दुनिया’ दिली होती. तिच्यापासून या दोन मालिकांपर्यंत एक सरळ वाट आहे. गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गाचा समंजस विनोद त्या वाटेने देशभर पोचला. तिच्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं. इथे मी एका प्रकरणात तिची ओळख करून दिली आहे.

मराठी चित्रपटाने त्यांच्याकडे उशिरा, पण अधिक मोकळ्या नजरेने पाहिलं. चंद्रकांत कुलकर्णींच्या ‘बिनधास्त’मध्ये पडद्यावर सगळ्या बायकाच होत्या, आणि त्यात त्या होत्या. गजेंद्र अहिरेंच्या ‘अनुमती’त विक्रम गोखले कोमात गेलेल्या पत्नीचे उपचार थांबवायला नकार देणारा नवरा करतात, त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या कोंडलेल्या, औषधांच्या वासाने भरलेल्या गोष्टीत रीमाताई त्याची जुनी मैत्रीण म्हणून येतात आणि चित्रपटात एकदम वारा शिरतो. पन्नाशी ओलांडलेली, एकटी, स्वतःच्या आयुष्याशी जुळवून घेतलेली, हसरी बाई. कुणाची आई म्हणून ती त्या गोष्टीत नाही. लहानशी भूमिका, पण ती पाहिली की हुरहुर लागते: अशा आणखी दहा का नाही लिहिल्या गेल्या?

शेवटची मोठी भूमिका पुन्हा दूरचित्रवाणीवरची. महेश भट्टांच्या कल्पनेतून आलेल्या ‘नामकरण’ या मालिकेत त्यांनी दयावंती मेहता केली. लग्नाबाहेर जन्मलेल्या नातीला घराचं नाव द्यायला नकार देणारी, कठोर, कारस्थानी आजी. तीस वर्षं ज्या चेहऱ्याकडे लोकांनी मायेसाठी पाहिलं, तो चेहरा त्यांनी स्वतः मोडला. अंबिकेचा निश्चय आणि सविताच्या आवाजातला गारवा इतक्या वर्षांनी इथे परत दिसला. दैनंदिन मालिकेचं काम किती पिळून काढतं हे त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. दिवसाची बारा-बारा तासांची पाळी, रात्री हाती पडणारे प्रसंग, सकाळी मेकअप करतानाच करायचं पाठांतर. ते त्या करत होत्या. आदल्या संध्याकाळपर्यंत चित्रीकरण झालं आणि १८ मे २०१७ च्या पहाटे मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्या गेल्या. साठीही पूर्ण झालेली नव्हती. दयावंतीची भूमिका पुढे रागिणी शाह यांनी सांभाळली.

या पुस्तकाची मांडणी जन्मापासून मृत्यूपर्यंत अशी केलेली नाही. अंबिका, सविता, कौशल्या, कोकी, देवकी, शांता, दयावंती आणि ‘अनुमती’तली मैत्रीण, अशा आठ बायकांची आठ प्रकरणं आहेत. प्रत्येक प्रकरणात ती भूमिका कशी लिहिली गेली, कुठे कमी लिहिली गेली आणि ती उणीव नटीने कशी भरून काढली, एवढंच पाहिलं आहे. नाटकांच्या दोन प्रकरणांत संहितेवर अधिक भर आहे, कारण प्रयोगाचं वर्णन वाचून प्रयोग दिसत नाही आणि संहितेतून निदान नटीपुढचा डोंगर किती उंच होता ते कळतं. चित्रपट आणि मालिकांच्या बाबतीत वाचकाने माझ्यावर विसंबून राहू नये. त्या सगळ्या पाहायला मिळतात. एक सुचवावंसं वाटतं: ‘वास्तव’ पाहण्याआधी ‘तू तू मैं मैं’चे दोन-तीन भाग पाहावेत, लागोपाठ, मध्ये दिवस जाऊ न देता. देवकीचा तोरा, तिचे टोमणे, पदर खोचून भांडायला उभं राहण्याची तिची ढब डोळ्यांसमोर ताजी असतानाच शांताला भेटावं. मग तिसरं प्रकरण सोडून थेट सहावं वाचायला घेतलं तरी माझी काही तक्रार नाही.